आकाशाचे निस्तारपत्रक

भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. पुण्यामुंबईच्या वाचकांनी येथे भाजीबाजार डोळ्यांपुढे आणू नये. झाडीपट्टीतली मंडई म्हणजे गावजत्रा. हलके धान घरात आलेले असते, भारी धान कापणीला टेकलेले असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, दिवसा दंडार असते नि रात्री नाटक. आणि आमचे नाटक दोन-अडीच तासांत आटोपणारे नव्हे, ते पहाटेपर्यंत चालते.

अशाच एका मंडईत, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावी, मी नि माझा भाचा नाटक संपवून बाहेर पडलो तेव्हा पूर्व नुकती फटफटू लागली होती. भाचा नागपुरात संगणकाच्या कचेरीत नोकरीला आहे. त्याने वर बोट केले. आकाशात दिव्यांची एक सरळ रांग चालली होती. एकामागे एक, वीस-पंचवीस असतील, मुंग्यांच्या शिस्तीत. शेजारच्या एका म्हाताऱ्याने हात जोडले. भाचा हसला.

"बाबाजी, देव नाही तो, उपग्रह आहेत. मामा, पाहून घ्या, आपलं इंटरनेट चाललं! आता टॉवर नको, तार नको, ग्रामपंचायतीचे उंबरठे नकोत. छपरावर एक थाळी ठेवली की झालं. भंडारा काय नि बोस्टन काय, सारखंच!"

त्या पहाटे मी उत्तर दिले नाही. रात्रभरच्या जागरणावर वाद घालण्याचे माझे वय राहिलेले नाही, आणि खरे सांगायचे तर उत्तर तेव्हा सुचलेही नव्हते. ते दोन दिवसांनी एका रेशनच्या दुकानापुढे सुचले. ते आज देतो. भाचा दिवाळी अंक वाचतो. निदान घरात आणतो.

आधी एक गोष्ट साफ करतो. मी उपग्रहांचा वैरी नाही. "धानाच्या बांधीत राबणाऱ्याला उपग्रहाशी काय करायचे आहे?" असे विचारणारे एक शहाणे मंडळ आपल्याकडे पहिल्यापासून आहे. १९८१ च्या जून महिन्यात फ्रेंच गियानातील कुरू येथून आपला 'अ‍ॅपल' हा पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह उडाला. ६७० किलोंचा तो जीव. उड्डाणापूर्वी त्याची चाचणी घ्यायची तर भोवती लोखंड नको, म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी त्याला बैलगाडीवर चढवले. ते छायाचित्र जगभर गेले. या मंडळाने त्यात आपले दारिद्र्य पाहिले. मला त्यात अक्कल दिसते. वर गेल्यावर त्याची एक सौरपाटी उघडलीच नाही, तरीही पंखाला दुखापत झालेल्या त्या पाखराने दोन वर्षांहून अधिक काळ काम दिले.

उपग्रहाचा उपयोग काय, हे वैनगंगेकाठच्या माणसाला शिकवावे लागत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वर मध्यप्रदेशात धो धो पाऊस झाला, तिकडच्या धरणांतून पाणी सोडावे लागले, आणि ती नदी भंडारा शहरात शिरली. पाणी शिवनी-बालाघाटकडून आमच्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो तासांत मोजता येतो. तेवढ्या तासांत बातमी पाण्याच्या पुढे धावली पाहिजे. पावसाचे नि नदीच्या पातळीचे आकडे इन्सॅटच्या मार्फत आपोआप पाठवणारी यंत्रे देशात पूर्वीपासून आहेत. टॉवर पुरात पडेल, खांब वाकेल, जमिनीतली तार खचेल. वरचा उपग्रह भिजत नाही. २०२२ च्या जानेवारीत टोंगा बेटांजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, एकुलती एक सागरी तार तुटली, आणि त्या देशाचा जगाशी जो काही बोलाचाली संबंध उरला तो उपग्रहामुळे. कोका अभयारण्याच्या कडेची गावे घ्या, तुमसरकडच्या खाणींच्या मागची टेकाडे घ्या. तेथे टॉवर उभारणे कंपनीला परवडत नाही, म्हणून कंपनी उभारीत नाही. तेथे उपग्रह हवाच.

नवे उपग्रह आणखी सोयीचेही आहेत. जुना दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी टांगल्यासारखा असतो. एवढे अंतर चढून उतरायला विद्युल्लहरीलाही पाव सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा. ट्रंककॉलवर दोघेही एकदम बोलत नि मग दोघेही एकदम गप्प होत, ते ज्यांना आठवते त्यांना याचा अर्थ कळेल. नवे उपग्रह पाचशे ते बाराशे किलोमीटरांवरून जातात, त्यामुळे हा खोळंबा जवळजवळ नाहीसा होतो. पण एवढ्या खालून जाणारा उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाआड होतो; म्हणून एक पुरत नाही, शेकड्यांनी, हजारांनी सोडावे लागतात. वनवेबचा एक उपग्रह जेमतेम दीड क्विंटलाचा. असे सहाशेंहून अधिक. स्टारलिंकचे तर हजारो. भाच्याने पाहिली ती रांग त्यांचीच असणार, नुकतीच सोडलेली. अशा एकेका स्टारलिंक उपग्रहाचे आयुष्य सुमारे पाच वर्षांचे असते. मग तो वातावरणात उतरवून जाळायचा नि दुसरा सोडायचा.

येथवर भाच्याचे नि माझे भांडण नाही. भांडण पुढे आहे. ही वस्तू कोणाची, आणि आम्हांला ती कोणत्या हक्काने मिळणार?

आमच्या शेजाऱ्यांची एक गोष्ट सांगतो. १ ऑगस्ट १९७५ रोजी देशातल्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी सुरू झाली. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मध्यप्रदेश होता, आणि आमच्या पूर्वेला असलेल्या रायपूर-दुर्गकडची खेडी त्यात होती. मुंबईपुण्याबाहेर ज्या काळी मराठी माणसाने दूरचित्रवाणीचा संच पाहिलेला नव्हता, त्या काळी छत्तीसगडातला शेतकरी गावच्या चावडीपुढे बसून शेतीचे नि आरोग्याचे कार्यक्रम पाहात होता. सबंध जगाने ज्याची वाखाणणी केली असा तो प्रयोग. पण उपग्रह होता अमेरिकेचा, एका वर्षाच्या बोलीने उसना आणलेला. ३१ जुलै १९७६ ला बोली संपली. अमेरिकेने तो उपग्रह हळूहळू सरकवीत आपल्या बाजूला परत नेला. त्यात अमेरिकेने काही वावगे केले असे मी म्हणत नाही. शब्द दिल्याप्रमाणे दिला, शब्दाप्रमाणे नेला. पण उसन्या बैलावर पेरणी करणाऱ्याने बैल परत जाणार ही तारीख लक्षात ठेवावी लागते. आपल्या शास्त्रज्ञांनी ती ठेवली, म्हणून १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला तो देशाच्या मालकीचा होता.

ती तर सरकारासरकारांतली बोली. व्यापाऱ्याची बोली आणखी निराळी. १९९८ च्या नोव्हेंबरात इरिडियम नावाच्या कंपनीने ६६ लहान उपग्रहांची माळ पृथ्वीभोवती गुंफून टेलिफोन सुरू केला. पुढच्याच वर्षी ऑगस्टात तिचे दिवाळे वाजले. तेव्हा काय ठरत होते ठाऊक आहे? चालते, धडधाकट उपग्रह खाली आणून जाळून टाकायचे! का, तर ठेवण्याचा खर्च परवडत नाही. पुढे अमेरिकेच्या लष्कराने गिऱ्हाईक होण्याचे मान्य केले, नव्या मालकाने अडीच कोटी डॉलर्सना सारा पसारा उचलला, म्हणून ती माळ वाचली. वनवेबचेही २०२० साली दिवाळे निघाले होते. ब्रिटिश सरकार आणि आपले भारती उद्योग यांनी ती विकत घेतली. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा रशियाने तिचे उपग्रह उडवण्यास नकार दिला, नि ते ठेवूनही घेतले. अखेर श्रीहरिकोट्याहून आपल्या अग्निबाणांनी दोन खेपांत तिचे ७२ उपग्रह वर पोचवले. याचा अभिमान जरूर बाळगावा. सोबत हेही ध्यानात घ्यावे की दोन-तीन वर्षांच्या आत ही एकच माळ एकदा पैशाअभावी आणि एकदा राजकारणापायी अडली. स्टारलिंकच्या मालकाने त्याच युद्धात क्रिमियापाशी सेवा सुरू करण्यास आपण नकार दिला, हे २०२३ साली स्वतःच जाहीर केले. त्याचा निर्णय बरोबर की चूक हा वाद वेगळा. एका माणसाच्या 'नाही'वर एवढे अवलंबून होते, हे पुरे आहे. आणि २४ जुलै २०२५ ला तर युद्ध नाही, दिवाळे नाही, केवळ यंत्रणेच्या आतल्या बिघाडाने ती सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली.

आता घरचे पाहू. २०२५ च्या दिवाळीचे आकाशकंदील उतरले न उतरले तोच, ५ नोव्हेंबरला, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेच्याच दिवशी, महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. असे करणारे आपले देशातले पहिले राज्य. सरकारी संस्था, खेडी, दुर्गम भाग यांना उपग्रहावरून इंटरनेट द्यायचे असा त्यातला संकल्प आहे, आणि गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम ही नावे त्यात घेतलेली आहेत. भंडाऱ्याचे नाव त्यात नाही. आमचे काही मित्र यावर लागलीच रुसतील. रुसण्यापूर्वी त्यांनी आमच्या जिल्ह्याला संकल्पांचा काय अनुभव आहे तो आठवावा. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ च्या एप्रिलमध्ये झाली. अंदाज होता ३७२ कोटींचा. पुढचे वाचकांना ठाऊक आहे.

मला रुसण्यापेक्षा हिशेब करणे बरे वाटते. २०२५ च्या जुलैत केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्र्यांनी सांगितले की स्टारलिंकला भारतात २० लाखांच्या वर गिऱ्हाईक घेता येणार नाही, आणि महिन्याचा खर्च तीन हजारांच्या आसपास जाईल. २०११ च्या खानेसुमारीत एकट्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख होती. आता भाच्याने सांगावे, सबंध भारतात वीस लाख थाळ्या नि महिना तीन हजार रुपये, तर मोहाडीच्या कोसा विणणाऱ्याच्या छपरावर थाळी बसणार की नागपूरच्या सिव्हिल लाइन्सवरील बंगल्यावर? आकाश सर्वांवर सारखेच असते हे खरे. पण उपग्रहाचा एक झोत जमिनीच्या ज्या तुकड्यावर पडतो त्या तुकड्यातल्या साऱ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा असतो. पाणी तेवढेच, मोटा वाढल्या की प्रत्येकाचा वाटा कमी.

आणि येथेच मला ते रेशनचे दुकान आठवते. गाव कोणते ते सांगत नाही, कारण दुकानदार बिचारा सज्जन आहे. अंगठा घेणाऱ्या यंत्राला रेंज मिळेना. अंगठ्याशिवाय धान्य देता येईना. तासभर वाट पाहून तो यंत्र हातात घेऊन गावच्या तलावाच्या पाळीवर चढला, कारण तेथे थोडी रेंज येते, आणि त्याच्यामागे पंधरा-वीस बाया, एकीच्या कडेवर मूल, एकीच्या हातात काठी. एकेक अंगठा पाळीवर लावायचा नि तांदूळ न्यायला पुन्हा खाली यायचे. त्यातल्या एका म्हातारीचा अंगठा रोवणी करकरून इतका झिजलेला की यंत्र तिला ओळखेना. ती म्हणाली, "अख्ख्या गावाले मी ठाऊक हावो, या डबीलेच ठाऊक नाही."

ती पाळ कोणी बांधली? आमचा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणतात. गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाने हे तलाव नि बोड्या बांधल्या. इतक्या की आजही पूर्व विदर्भात त्या हजारांनी मोजाव्या लागतात. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या मालकीचे ठरले. मालगुजार काही संत नव्हता. पण तलाव त्याचा असला तरी गावाचा निस्तार त्यावर होता. निस्तार हा शब्द नव्या पिढीला परका झाला आहे. निस्तार म्हणजे गावाचा वहिवाटीचा हक्क: ढोरांना पाणी, बांधीला पाणी, घराला लाकूड, चराईला कुरण. हा हक्क तोंडी नव्हता. गावाच्या वाजिब-उल-अर्जात तो लिहिलेला असे. मालगुजार बदलला, गाव विकले गेले, तरी कागद बदलत नसे. त्या कागदावर बोट ठेवून कोहळ्याचा पोर मालगुजाराशी कोर्टात भांडू शके. १९५१ साली मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. परंतु तलाव सरकारजमा झाले, पाण्यावर पट्टी बसली, नि पाळीवरची माती पूर्वी सारे गाव मिळून टाकीत असे, ती आता कोणी टाकायची हे कोणालाच ठाऊक राहिले नाही. त्या तलावांत गाळ साचला तो तेव्हापासून. मालकी बदलली आणि हक्काचा कागद मागे राहिला, तर कसे होते याचा हा आमचा घरचा धडा आहे. तो शिकायला आम्हांला बोस्टनला जावे लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की उपग्रह आम्हांला विहिरीसारखा नको, तलावासारखा हवा. ज्याच्याजवळ पैसा त्याच्या छपरावर थाळी, ही विहीर झाली. ती खणायला कोणाची हरकत नाही. बंगलेवाल्याने खुशाल खणावी. पण सरकार जेव्हा राज्याच्या नावाने सही करते तेव्हा ती विहिरीसाठी नसावी. थाळी रेशन दुकानावर, आरोग्य उपकेंद्रावर, शाळेवर, धान खरेदीच्या केंद्रावर बसावी, आणि तिच्यावर गावाचा निस्तार कागदावर लिहिलेला असावा. पूर येईल त्या दिवशी इशाऱ्याचा नि मदतीचा निरोप आधी जाईल, बंगल्यावरचा सिनेमा नंतर, हे त्यात लिहा. कंपनीने गाशा गुंडाळला किंवा दर तिप्पट केला तर किती महिने आधी सांगायचे, आणि तोवर दुसरी सोय कोणाच्या खर्चाने होईल, हे लिहा. थाळी बिघडली तर दुरुस्तीला मुंबईहून माणूस यायचा की साकोलीतल्या पोराला ते शिकवायचे, हेही लिहा. थाळीलाही वीज लागते, नि वादळात आमच्याकडे आधी वीजच जाते. तेव्हा तिच्यासोबत सौरपाटी व बॅटरी कोण देणार? झोडपून पाऊस आला की असल्या लहरी क्षीण होतात, वर दाट झाडोरा असला तरी अडतात. कोक्याच्या कडेला थाळीसाठी उंच खांब लागेल. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. तलावाच्या सांडव्याचा दगडही क्षुल्लकच असतो.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. सरकारने अटी घातलेल्याच आहेत, असे सांगतात. घातल्या आहेत, नाकारीत नाही. परदेशी कंपनीने जमिनीवरची केंद्रे भारतात ठेवावीत, सुरक्षा यंत्रणांना हवे तेव्हा सेवा थांबवता यावी, असल्या अटी आहेत, आणि त्या रास्त आहेत. स्टारलिंकला २०२५ साली जी मंजुरी मिळाली ती पाच वर्षांच्याच मुदतीची आहे, हेही चांगले. पण नीट पाहा, या साऱ्या अटी दिल्लीने आपल्यासाठी घातलेल्या आहेत. सेवा बंद कोणी करावी याची काळजी त्यांत आहे. सेवा बंद पडू नये याची काळजी पाळीवर उभ्या असलेल्या म्हातारीने कोणाकडे मागायची?

आणि तार? भाच्याचे ते "आता तार नको" मला सर्वांत जास्त झोंबले. २०११ साली देशातल्या साऱ्या ग्रामपंचायतींना काचेच्या तारेने जोडण्याचे ठरले. पुढे त्याचेच नाव भारतनेट झाले. २०२३ साली केंद्राने त्यासाठी आणखी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा आकाशातून पडत नाही. प्रत्येक दूरसंचार कंपनीच्या उत्पन्नातून शंभरातले पाच रुपये खेड्यांसाठीच्या निधीत जातात, आणि कंपनी ते आपल्याच रिचार्जमधून काढते. म्हणजे पवनीचा ढिवर दर महिन्याला या तारेचा हप्ता भरतो आहे. जी तार गावात पोचली ती चालते का, पेटीवरचा दिवा लागतो का, कचेरीतून शाळेपर्यंतचे शेवटचे दोनशे पावलांचे अंतर कोणी जोडायचे, हे ग्रामसभेत विचारायचे सोडून आम्ही वर बघत हात जोडू लागलो, तर ते म्हाताऱ्याचे हात जोडणे झाले. फक्त आमच्या अंगावर विजार चांगली. एका तारेतून जेवढे वाहते तेवढे एका थाळीतून वाहणार नाही. सपाट, दाट वस्तीचा, नागपूरपासून हमरस्त्यावरचा आमचा जिल्हा. येथल्या बहुतेक गावांना तारच स्वस्त, तारच टिकाऊ. थाळी हवी ती जंगलाच्या कडेला आणि पुराच्या रात्री. हे उलटे कराल तर कंत्राटदाराला तार अर्धी सोडायला कारण मिळेल नि कंपनीला सरकारी गिऱ्हाईक मिळेल.

भाचा म्हणेल, मामा, तुम्ही नव्याला घाबरता. मी घाबरतो तो जुन्याला. सक्ती आधी नि सोय मागाहून, ही आपली फार जुनी रीत आहे. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलच्या छायाचित्रानेच लावावी असा हुकूम निघाला. रेंज त्या हुकुमासोबत निघाली नव्हती. उद्या थाळी बसली म्हणून आणखी चार कामे तिच्यावर टाकतील आणि ती बंद पडली की मजुराची मजुरी बंद पडेल. म्हणून माझी शेवटची अट अशी की थाळी बंद असेल त्या दिवशी वहीत लिहिलेले नाव ग्राह्य धरावे. म्हातारीला गाव ओळखते, तेवढे पुरे मानावे.

या मजकुराचा ठराव करून मी ग्रामसेवकांकडे दिला आहे. त्यांनी तो वाचला, चहा पाजला, आणि ऑनलाइन चढवावा लागेल म्हणून सांगितले. भाचा मंडईला येतो आहे; त्याच्याकडून चढवून घेईन. रेंज लागलीच तर पाळ आहे.